बांध कोरून हक्क मिळत नाही

श्रीरामपूर तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला प्रवरा. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आणले, हरेगावला साखर कारखाना उभा राहिला आणि कोरडवाहू रानात ऊस डोलू लागला. जमिनीला मोल आले. मोल वाढत गेले तसतसा बांध मात्र बारीक होत गेला.

बांध कोरला जातो कसा, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नांगरणीचा शेवटचा तास बांधाला घासून निघतो. फाळ वीतभर आत शिरतो आणि ढेकळे आपल्या बाजूला पडतात. पहिल्या पावसात ती ताजी कड धुपते. पुढच्या हंगामात रोटाव्हेटर तीही सपाट करतो. आधी बांधावरचे गवत जाते, मग निंबाचे रोप जाते, शेवटी हद्दीचा दगड मुळापासून हलतो. एका दिवसात काहीच घडलेले नसते. म्हणून 'या दिवशी जमीन गेली' असे बोट ठेवून दाखवायला शेजाऱ्याजवळ दिवसच नसतो.

आता हिशेब पाहा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. ३३० फूट लांबीचा बांध दरसाल फक्त सहा इंच सरकवला, तर सात वर्षांत साडेतीन फुटांची पट्टी जाते. ती भरते १,१५५ चौरस फूट. म्हणजे सात वर्षांत एक गुंठा पार गिळला जातो, तोही एक शब्द न बोलता.

याच्या समर्थनाला पारावर एक वाक्य तयार असते: "बारा वर्षांची वहिवाट आहे, आता जमीन माझीच." हे अर्धवट ज्ञान आहे आणि त्याने पुष्कळ घरे बुडवली आहेत. १९६३ च्या मुदत कायद्यात खासगी जमिनीचा ताबा परत मागण्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे, हे खरे. पण नुसते दिवस भरून मालकी मिळत नाही. ताबा उघड हवा, अखंड हवा आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून, त्याला कळेल असा केलेला हवा. हे सारे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबा सांगणाऱ्यावर असते. वीत-वीत चोरून सरकवलेल्या बांधात उघडपणा कुठला? कोणती वीत कोणत्या साली घेतली, हे तो कोर्टात कसे सांगणार? प्रत्येक पट्टीचे वर्ष वेगळे, म्हणजे प्रत्येक पट्टीची मुदतही वेगळी.

हेमाजी वाघाजी जाट खटल्याच्या निकालात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा ताब्याच्या, म्हणजे 'प्रतिकूल ताब्या'च्या, कायद्यावर कडक टीका केली आणि त्याचा फेरविचार करण्यास सरकारला सुचवले. विधी आयोगाने मात्र २०२३ च्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नाही असे मत दिले. म्हणजे कायदा आजही तोच आहे. कोरणाऱ्याला तो वाटतो तितका सोपा नाही, आणि गप्प बसणाऱ्याला तो वाटतो तितका निर्धोकही नाही.

नदीकाठच्या लोकांना हळूहळू होणारा आणखी एक बदल ठाऊक आहे. पूर ओसरतो, गाळ साचतो आणि काठाला मळईची जमीन तयार होते. यात कोणाचा लोभ नसतो, कोणाचे शेत कोरलेले नसते. तरीही १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते की, सरकारकडे आलेली अशी मळई द्यायची असेल तर जिल्हाधिकाऱ्याने ती आधी त्या काठाच्या भोगवटादाराला देऊ करावी. नदीने दिलेली जमीनसुद्धा रीतीने मागून घ्यावी लागते. मग नांगराने ओढलेली जमीन मुकाट्याने आपली कशी होईल?

यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, बांध दुबळ्याच्या बाजूलाच सरकतो. जिचा नवरा गेला तिच्या रानात, ज्याची मुले पुण्याला नोकरीला गेली त्या म्हाताऱ्याच्या रानात, बहिणीला माहेरहून वाट्याला आलेल्या रानात. "कशाला भावकीत वाईटपणा घ्यायचा?" म्हणून ती माणसे गप्प राहतात. पुढे बोलणे तुटते, लग्नाकार्याला जाणे थांबते, कधी बांधावर कुऱ्हाड निघते. गोदावरीतल्या सराला बेटाच्या सप्ताहात मांडीला मांडी लावून हरिनाम घेणारे दोघे शेजारी घरी आल्यावर वीतभर मातीसाठी एकमेकांचे वैरी होत असतील, तर ते नाम ओठांपुरतेच राहिले.

उपाय आहेत, आणि ते वेळेवर केले तर स्वस्तही आहेत. वाद पेटण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी दोन्ही शेजाऱ्यांनी हजर राहा. चुन्याची रेघ पडली की त्याच दिवशी दगड रोवून घ्या आणि मोजणीची 'क' प्रत जपून ठेवा. सरकारी कर्मचाऱ्याच्या अधिकाराने रोवलेला हद्दीचा दगड हलवणे हा जुन्या दंडसंहितेत एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. नव्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. नांगरताना फूटभर जागा आपल्या बाजूला सोडा. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे अशी किमान बारा वर्षांची वहिवाट असेल, तर २०२३ च्या सलोखा योजनेत एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून ती अदलाबदल कायदेशीर करण्याची सोय दिली गेली; ती अजून चालू आहे का, ते आधी विचारून घ्या. २००७ पासून गावोगावी तंटामुक्त समित्या नेमल्या गेल्या. ज्या गावात ती समिती कागदावरच उरली आहे, तिथल्या जाणत्यांनी ती जागी करावी.

आणि ज्यांचा बांध सरकतो आहे त्यांना हात जोडून विनंती: पहिल्या वितीलाच बोला. तेव्हाचे दोन शब्द शेजार वाचवतात. बारा वर्षांनंतरचा दावा शेजारही बुडवतो आणि पैसाही. ट्रॅक्टर हाकणाऱ्या तरुणांनो, मालकाने "जरा आत घे" म्हटले तर सरळ नकार द्या. हळू केलेली चोरी ही चोरीच असते.