वानप्रस्थ आणि शेजारधर्म

देहावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे मुख पाहिले, की गृहस्थाने वनाचा मार्ग धरावा, असे मनुस्मृती सांगते. या विधानात वयाचा आकडा नाही. नातवाचा उल्लेख मात्र आहे. पुढची पिढी उभी राहिली, आता तिला जागा करून द्यावी, हा त्यामागील भाव आहे. वानप्रस्थी घराबरोबर घरावरचा अधिकारही सोडतो. निवृत्तांसाठी बांधलेल्या स्वतंत्र वसाहतींना वानप्रस्थाश्रमाचा आधुनिक अवतार म्हणण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ती कितपत यथार्थ आहे हे तपासू लागले, की एक नैतिक प्रश्न पुढे येतो. घर सोडलेल्या वृद्धाचे, ज्यांच्याशी त्याचे रक्ताचे नाते नाही अशा भोवतालच्या माणसांशी कोणते नाते उरते?

कोलकात्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पश्चिम बंगालमधील जननदर १.६ वर आला आहे. लोकसंख्या टिकण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो. भवानीपूर, बालीगंज, सॉल्ट लेक येथील कितीतरी घरांत केवळ वृद्ध दांपत्ये किंवा एकटे वृद्ध उरले आहेत. मुले बंगळुरूत, नाही तर परदेशात. अशांची विचारपूस करण्यासाठी कोलकाता पोलिसांच्या पुढाकाराने २००९ मध्ये ‘प्रणाम’ ही योजना सुरू झाली. शहराच्या पूर्वेस राजारहाटच्या शेतजमिनींवर न्यू टाऊन हे उपनगर वसवण्यासाठी १९९९ मध्ये हिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने तेथे ‘स्नेहोदिया’ नावाचे ज्येष्ठांचे निवासस्थान बांधले. ज्येष्ठांसाठी ‘स्वप्नभोर’ हे उद्यानही त्याच उपनगरात आहे.

मुलांपासून वेगळे राहणारा वृद्ध दिसला, की हळहळण्याची किंवा मुलांना दोष देण्याची आपल्याला सवय आहे. पण एकत्र कुटुंबातील वार्धक्य सदैव सुखाचे होते, याला साहित्य दुजोरा देत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’ या १९२९ च्या कादंबरीतील इंदिर ठाकरुण नात्याच्याच घरात नकोशी होऊन जगते आणि शेवटी घराबाहेर मरते. ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकरांची शोकांतिका तर मुलांच्या घरातच घडते. म्हणून पोटच्या मुलांचे ओझे न होता, आपल्या वयाच्या माणसांत, वैद्यकीय मदतीच्या जवळ राहावे, असे एखाद्या वृद्धाने ठरवले, तर त्यात त्याचा स्वाभिमानच आहे. कुटुंबापासून दूर जाण्याचा हा अधिकार निःशंकपणे मान्य केला पाहिजे.

तथापि, इंदिर ठाकरुणच्या जीवनात एक दुर्गा आहे. कुठून तरी आणलेले फळ त्या म्हातारीच्या हाती ठेवणारी ही मुलगी तिला माणसांत ठेवते. कुटुंबापासून दूर गेलेला माणूस दुर्गेपासूनही दूर जाऊ इच्छितो का, हा प्रश्न खरा अवघड आहे.

या प्रश्नाचे टोकाचे रूप पाहण्यासाठी अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळावे लागते. फीनिक्स शहराजवळ, जेथे पूर्वी कापसाची शेते होती, तेथे १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत खुली झाली. प्रत्येक घरात किमान एक रहिवासी ५५ वर्षांचा असावा आणि मुलांनी तेथे कायम राहू नये, असा तिचा नियम आहे. गोल्फची मैदाने, पोहण्याचे तलाव, छंदवर्ग यांनी तेथील वार्धक्य सुखावह केले, यात शंका नाही. पण शेजारच्या पिओरिया गावाची आणि या वसाहतीची शाळा-व्यवस्था तेव्हा एकच होती. नव्या शाळांसाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, की वसाहतीतील वृद्ध तो पुनःपुन्हा फेटाळत. अखेर सत्तरच्या दशकात सन सिटी त्या शाळा-क्षेत्रातून वेगळी काढली गेली. त्या वृद्धांची बाजू अगदीच निराधार नव्हती: आम्ही आमच्या मुलांसाठी आयुष्यभर कर भरला, आता दुसऱ्यांच्या मुलांसाठी का भरावा? मात्र त्यांची स्वतःची मुले ज्या शाळांत शिकली, त्या शाळांसाठीही कधीकाळी कोणा निपुत्रिकाने, कोणा वृद्धाने कर भरलाच होता. शेजारीच असलेल्या यंगटाऊनमध्ये प्रश्न आणखी जवळ आला. घरच्या त्रासाला कंटाळून आजी-आजोबांकडे आलेला एक किशोरवयीन नातू तेथील वयाच्या नियमाआड येत होता. त्या वादातून १९९८ मध्ये गावाचा तो नियमच रद्द झाला. मनूने ज्या नातवाचे मुख पाहून वनात जायला सांगितले, तोच येथे वनाच्या दारात उभा राहिला होता.

आपल्याकडे अद्याप कोणी शाळांविरुद्ध मतदान केलेले नाही. परंतु शेजार नाकारण्याच्या याहून सूक्ष्म रीती असतात. न्यू टाऊनच्या इमारतींच्या सावलीत घुनी, जात्रागाछी यांसारखी जुनी गावे आहेत. कोलकात्यातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या आया, स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया अशाच गावांतून, तसेच दक्षिण चोवीस परगण्यातून, कॅनिंगच्या बाजूने पहाटेच्या लोकलने येतात. या गाड्यांना भद्रलोकांनी ‘झि स्पेशल’ असे अनादराचे नाव दिले. झि म्हणजे मोलकरीण. २०२० च्या मार्चमध्ये लोकलगाड्या थांबल्या, त्या ११ नोव्हेंबरला सुरू झाल्या. मधल्या काळात, २० मे रोजी अंफान चक्रीवादळ आले आणि शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, पाणी नव्हते. उंच मजल्यावरच्या वृद्धाला तेव्हा कळले, की आपले स्वावलंबन परगावच्या एका स्त्रीच्या पायांवर उभे होते. तिला वेतन मिळत होते, हे खरे. पण तिचे वार्धक्य कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या वेतनात मिटत नाही. आईवडिलांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा मुलांची कर्तव्ये सांगतो, शासनाकडून वृद्धाश्रमांची अपेक्षा ठेवतो. वृद्धाने शेजाऱ्याचे काय देणे लागावे, हे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही.

याच कोलकात्यात एक वेगळे उदाहरण आहे. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संघाच्या भगिनी १८८२ मध्ये येथे आल्या. त्यांचा वृद्धाश्रम पूर्वीच्या लोअर सर्क्युलर रोडवर, म्हणजे आजच्या आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर आहे. आश्रमातील वृद्धांसाठी दारोदार, बाजारोबाजार भिक्षा मागणे ही या संघाची मूळ परंपरा. भिक्षेने पोट भरते, त्याबरोबरच शहराला त्या वृद्धांची रोज आठवण राहते आणि वृद्धांना शहराच्या ऋणाची. वानप्रस्थीही प्रसंगी भिक्षेच्या निमित्ताने गावाशी जोडला जाई.

निवृत्तीचा अर्थ अधिकारातून निवृत्ती असा आहे. जी वसाहत सारे अधिकार आणि सुखे राखून केवळ कर्तव्ये उंबऱ्याबाहेर ठेवते, ती वन नव्हे. ते दुसरे घरच होय, आणि पहिल्यापेक्षा अधिक कडेकोट. पाणी देऊनही जेथे नवे काही उगवू द्यायचे नाही, ती भूमी वाळवंटच राहते. घराचे दार मिटून घेण्याचा अधिकार वृद्धाला आहे; शेजारच्या मुलीने फळ घेऊन यावे, इतकी फट मात्र त्यात उरली पाहिजे. आणि ती आली, तर ती कोणत्या शाळेत जाते, हे त्याने विचारले पाहिजे.