पांडुरंगा, मला थांबता येऊ दे

पांडुरंगा, पुंडलिकाला आईवडिलांच्या सेवेतून उठायला सवड नव्हती, म्हणून त्याने मागे सरकवलेल्या विटेवर तू उभा राहिलास. रागावला नाहीस, पुन्हा पुन्हा हाक मारली नाहीस, परतही गेला नाहीस. लोक तुझ्याकडे पाऊस मागतात, लेकरं मागतात, कोर्टातला निकाल मागतात. मी तुझं हे थांबणं मागायला आले आहे. मला शिक्षिका व्हायचं आहे. बाकी जे कमी पडेल ते रात्र जागून भरून काढीन, पण थांबणं मला कुठल्याच पुस्तकातून उचलता येत नाही.

मागण्याआधी आभार मानते. दोन लेकरांची आई असताना तू मला पुन्हा कॉलेजच्या बाकावर बसवलंस. बी.एड.ला वयाची वरची अट नाही, हे कळलं तेव्हा मी सीईटीचा फॉर्म भरला. मग कागदांची जुळवाजुळव सुरू झाली. पदवीवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. या काळात मी कुठेही शिकत नव्हते, असं त्यावर लिहून द्यावं लागतं. कागदापुरतं ते खरंच आहे. पण त्याच काळात मी दोन बाळंतपणं काढली, सासऱ्यांचं अंथरूण काढलं, शेताचा हिशेब ठेवला, लेकरांना पाढे शिकवले, आणि सांगितलेलं एकाला एका दमात कळतं तर दुसऱ्याला आठ दिवसांनी कळतं, हे स्वयंपाकघरात बसून पाहिलं. विठ्ठला, ती वर्षं वाया गेली असं माझ्या मनात कधी येऊ देऊ नकोस.

वर्गातल्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या आहेत. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा त्या उभ्या राहिल्या, मी शिकवायला आले असं त्यांना वाटलं. आता त्या मला ताई म्हणतात. फळ्यावर सरळ रेषेत कसं लिहायचं हे त्या मला दाखवतात, घरी काही बिनसलं की माझ्याजवळ येऊन बसतात. त्या सगळ्यांचं भलं कर.

माझ्याआधी ही वाट चाललेल्या बायांसाठी तुझे आभार. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात शिकवायला उभ्या राहिल्या, आणि त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षणही घेतलं. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि कितीतरी प्रौढ बाया, कुणी विधवा, कुणी संसारातल्या, तिथे शिकून शिक्षिका झाल्या. अनुताई वाघांचं नाव मी जरा जास्त वेळ घेते, देवा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली. आणि बी.ए. त्या पन्नाशी ओलांडल्यावर झाल्या. एवढं काम उभं केलेल्या बाईला पुन्हा परीक्षेला बसावंसं वाटलं, हे आठवलं की रात्री साडेदहाला पाठाचं टाचण लिहिताना माझी पेंग उडते.

आता मागणं सांगते.

पहिल्या वर्षी आमचं सूक्ष्म अध्यापन झालं. सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी. मग सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटांत पाठाची फेरआखणी, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. प्रश्न कौशल्य, फळालेखन, प्रबलन, असं एका वेळी एकच कौशल्य. या शिस्तीचा मला फार उपयोग झाला. पण मैत्रिणींना उत्तर आधीच ठाऊक असतं. विचारलं की त्या लगेच बोलतात. खरा वर्ग मी पाहिला तो आंतरवासितेला शाळेत गेल्यावर.

जिल्हा परिषदेची शाळा, सहावीचा वर्ग, मंगळवेढ्याकडची ज्वारीची काळी रानं खिडकीबाहेर. मी मागे बसून निरीक्षण लिहीत होते. सरांनी विचारलं, एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश? दाराजवळच्या मुलाने हात वर केला, म्हणाला, एक तृतीयांश. का रे? तो म्हणाला, तीन मोठा आहे ना दोनापेक्षा. पोरं हसली. सर हसले नाहीत, चूक म्हणाले नाहीत आणि दुसऱ्या मुलाला उठवलंही नाही. त्याला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीचे दोन भाग कर, दुसरीचे तीन. त्याने घड्या घातल्या. तीन भागांची घडी नीट बसेना, ती उलगडून पुन्हा घातली. सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वर्ग गप्प झाला. मला तो गप्पपणा सोसवेना. उत्तर माझ्या ओठांवर होतं, माझ्यासारख्या कितीतरी आयांच्या ओठांवर आलं असतं. मुलाने दोन्ही तुकडे फाडून शेजारी ठेवले, बोट फिरवलं, आणि सावकाश म्हणाला, "सर, जास्त वाटे केले की वाटा बारीक होतो."

विठ्ठला, हे वाक्य त्याला कुणी दिलं नव्हतं, ते त्याचं त्याने काढलं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी शिक्षकांच्या प्रश्नांनंतरचा वेळ मोजला होता. १९७० च्या दशकात त्यांचं हे काम शिक्षणाच्या जगात पोचलं. शिक्षक प्रश्न विचारतात आणि साधारण एका सेकंदात स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, कारणं देऊन होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. पांडुरंगा, फक्त तीन सेकंद. तू अठ्ठावीस युगं उभा आहेस म्हणतात, त्यातलं एवढंसं मला दे.

आईला हे जड जातं. घरात सकाळी कुणीच थांबू शकत नाही. बस सुटणार असते, दूध उतू जाणार असतं, मोज्याचा जोड सापडत नसतो. सात आठे विचारायचं आणि आपणच छप्पन्न म्हणून लेकराला बाहेर काढायचं, अशा सकाळींतून मी वर्गात येते. आईपणातली माया, डोळ्यांतलं पाणी ओळखणं, पोट दुखतंय हे खोटं की खरं ते समजणं, हे सगळं माझ्याजवळ राहू दे. घाई तेवढी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवता येऊ दे. ज्याला आधी येतं त्याच्याकडे पाहून पुढे जाण्याचा मोह फार मोठा असतो देवा. निरीक्षक मागे बसलेले असतात, टाचणातलं संकलन आणि उपयोजन अजून व्हायचं असतं, घंटा होत आलेली असते. त्या वेळी माझी नजर दाराजवळच्या बाकाकडे वळव.

माझ्या घरासाठी मागते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून रोजचं जाणं-येणं परवडतं, पण बस वेळेवर येणं सरकारच्या हातात आहे की तुझ्या, ते मला कळत नाही. संध्याकाळी दार उघडते तेव्हा लेकीने कुकर लावलेला असतो, भावाची वही तपासलेली असते. ती आठवीत आहे. तिने हे मायेने केलंय, पण तिचं बालपण माझ्या पदवीच्या खर्चात धरू नकोस. तिला खेळायला संध्याकाळ मिळू दे. धाकट्याचा ताप आणि माझा पाठ एकाच दिवशी आणू नकोस. हजेरी वर्गाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के लागते, पण तापलेल्या कपाळाला ते सांगता येत नाही. मुलांच्या बाबांनी लोकांचं बोलणं ऐकून घेतलं आणि मला त्यातलं फारसं सांगितलं नाही. त्यांना त्याचं फळ दे.

आणि सासूबाईंचे गुडघे, देवा. त्या पहाटे उठून भाकऱ्या थापतात, मी निघते तेव्हा डबा दारात असतो. त्यांना शाळा मिळाली नाही. परवा रात्री मी अपूर्णांकांचं टाचण लिहीत बसले होते. वेगळ्या छेदांची बेरीज मुलांपुढे कशी मांडावी ते सुचत नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, अर्धा अधिक पाव. त्या ज्वारी निवडत होत्या, वर न पाहता म्हणाल्या, "मापटं आन् चिपटं, पाऊण शेर झालं की." मग उठून माळ्यावरच्या डब्यातून जुनी मापं काढून आणली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापट्यातली ज्वारी चिपट्याने मोजली तर दोन भरतात, वरचं एक चिपटं, अशी तीन चिपटी, म्हणजे शेराचे चारातले तीन वाटे. आमच्या पुस्तकात ज्याला समच्छेद करणं म्हणतात ते त्या आयुष्यभर खळ्यावर करत आल्या आहेत. ज्यांच्याकडे एवढं गणित होतं त्यांना पाटी मिळाली नाही. विठ्ठला, हे तू पाहिलंस. मी तक्रार करत नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलींच्या बाबतीत असं होऊ देणार नाही, एवढं तुझ्यासमोर बोलते.

नोकरीचं मागणंही लपवत नाही. बी.एड. झाल्यावर टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, दीडशे गुणांची, खुल्या गटाला साठ टक्के लागतात. मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, आणि निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. सहावी ते आठवीला ते सोळा हजार आहे. त्यात भरतीतली वयाची अट माझ्यामागून चालत येते आहे. वशिला मागत नाही. पेपर फुटू देऊ नकोस, भरती वेळेवर निघू दे, आणि जी जागा ज्याची असेल ती त्यालाच मिळू दे, मग ती माझी नसली तरी चालेल. वीसपेक्षा कमी पट आहे म्हणून वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांना कुलूप लागू देऊ नकोस. वस्तीवरच्या लहान मुलीला दुसऱ्या गावी कोण पोचवणार? तिची शाळा बंद झाली की तिच्या धाकट्या भावाला सांभाळायला ती घरीच राहते, हे कुणाला सांगायला नको.

पांडुरंगा, तुझ्याच दारातली एक गोष्ट मी विसरत नाही. आमच्या मंगळवेढ्याच्या चोखोबाला तुझ्या देवळाबाहेर ठेवलं होतं. ते दार अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले ते साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेले, वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणं आवरून ठेवणारे. तुझं दार उघडायला शिक्षक उपाशी बसला होता. तेव्हा माझ्या वर्गात दाराजवळ कोण बसतो, पाण्याच्या माठाला कुणाला आधी हात लावू देतात, हसं होण्याचा पहिला मान कुणाच्या वाट्याला येतो, याकडे माझं लक्ष राहू दे. गणिताचा तास आहे म्हणून ते माझं काम नाही असं मला कधी वाटू देऊ नकोस.

तो पट्ट्यांच्या घड्या घालणारा मुलगा ऊसतोड कामगारांचा आहे. दसरा झाला की गावातल्या टोळ्या निघतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या दिशेने लागतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण घरात सांभाळणारं कुणी नसलं, धाकटी भावंडं असली की आई मुलाला बरोबर नेते. तिला दोष कसा देऊ? मी आई आहे, मीही लेकराला मागे ठेवून गेले नसते. परवा मधल्या सुट्टीत ती शाळेत आली होती. सरांशी बोलली, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. तिने काय ठरवलं ते मला कळलेलं नाही. तिचा कोयता चालेल त्या फडात तिला उसाचं पातं कापू देऊ नकोस, उचल लवकर फिटू दे, आणि जमलं तर मुलाला आजीजवळ राहू देण्याइतका धीर तिला दे.

उद्या चौथा तास माझा आहे. सहावी, अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे. मापटं, चिपटं आणि दोन शेर ज्वारी मी पिशवीत भरून ठेवली आहे. मुलांनी स्वतः मापून पाहावं, सांडली तर सांडू दे. प्रश्न विचारल्यावर मी गप्प राहीन, तेवढं मी करीन. तो मुलगा उद्या हजर असू दे.