शिकवणारीचं मागणं

देवा, माझ्यासाठी काही मागायच्या आधी एका परक्या बाईबद्दल तुझे आभार मानते. तिचं नाव आग्रिपिना वागानोवा. तुला ती माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तरी बोलू दे. तिच्याबद्दल बोलले की माझं गाऱ्हाणं मला जरा लहान दिसतं.

1879 साली तू तिला पीटर्सबर्गमध्ये जन्माला घातलंस. बाप मारिन्स्की थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायच्या नोकरीवर होता. म्हणजे रंगमंच जवळ होता, पण दाराच्या अलीकडून. 1888 साली पोर सम्राटांच्या बॅले शाळेत गेली. तिला तू पायांत बळ दिलंस, उडी दिलीस. हात मात्र मऊ दिले नाहीस. त्या काळच्या डोळ्यांना नाजूक वाटावा असा बांधा दिला नाहीस. 1897 साली ती मारिन्स्कीच्या ताफ्यात आली आणि रांगेतली एक होऊन नाचत राहिली. पुढे तिला एकटीचे तुकडे मिळू लागले, बॅलेतली व्हेरिएशन्स. मिनिट-दोन मिनिटांचा खेळ, टाळ्या, आणि मग नायिकेसाठी बाजूला व्हायचं. लोक तिला व्हेरिएशन्सची राणी म्हणत. खरं सांगू? मला त्या किताबात कौतुकाइतकाच टोमणाही ऐकू येतो. मारिन्स्कीचे बॅले रचणाऱ्या म्हाताऱ्या मारियस पेतिपाला ती नाचलेली आवडायची नाही. रोजनिशीत त्यानं तसं कडवट लिहूनही ठेवलं. बॅलेरिना ही पदवी तिला मिळाली 1915 साली. 1916 साली ती निवृत्त झाली. वय 36.

तू असं का करतोस, हे मी विचारत नाही. माझी ती पायरी नाही.

पण जे दिलं नाहीस, त्याचं तिनं काय केलं ते पाहिलंस ना? जिला सगळं आपसूक जमतं, तिला ते कसं जमतं हे शोधायची गरज पडत नाही. हिला पडली. ओल्गा प्रिओब्राझेन्स्काया तिच्याहून मोठी नर्तकी. इटालियन गुरू एन्रिको चेकेत्तीकडे शिकल्यावर तिच्या नाचात काय पालटलं, ते ही टक लावून बघत राहिली. इटालियन नर्तकींच्या गिरक्या खुंटा ठोकल्यासारख्या पक्क्या, पण हात ताठर. जुनं फ्रेंच वळण लाघवी, पण बळ कमी. हिनं एकेक गोष्ट सुटी केली, स्वतःच्या अंगावर लावून पाहिली, टिकली तेवढी ठेवली. गिरकीचं आणि उडीचं बळ नुसतं पायांत नसतं. ते पाठीत असतं. हात ते उचलून धरतात. खांदा आणि मान वळली की पाय एकटे पडत नाहीत. देवा, तू बनवलेल्या शरीराचा इतका बारीक अभ्यास मी क्वचित पाहिला आहे. ती नाव कुणाचंही घेवो, माझ्या लेखी ती तुझीच पूजा होती.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आम्ही म्हणतो. तरी तू तिचा पोहरा भरलास. या एका गोष्टीसाठी तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

आणि तो कसल्या दिवसांत भरलास! 1917 साली राज्य उलथलं. त्याच हिवाळ्यात तिच्या जोडीदारानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. पदरी मुलगा होता. पोटासाठी ती पुन्हा मिळेल त्या लहानसहान रंगमंचावर नाचली. मारिन्स्कीचा झगमगाट अंगावर घेतलेली बाई. त्या दिवसांत तू तिच्याजवळ होतास. ते मला कुणी सांगायला नको.

मग 1921 साली ती आपल्या जुन्या शाळेत शिकवायला परतली. शहर भुकेलेलं, जळण मिळेना, थंडीत कुडकुडणाऱ्या पोरी. शाळेची ती सरळसोट गल्ली माझ्या डोळ्यांपुढे येते: रुंदी 22 मीटर, दोन्हीकडच्या इमारतींची उंची 22 मीटर, लांबी 220 मीटर. इतक्या मापात बांधलेल्या गल्लीत नाचाची शाळा असावी, हा तुझा विनोद की तुझी हौस? तालमीच्या मोठ्या दालनाची जमीन मारिन्स्कीच्या रंगमंचासारखी उतरती. पाय घसरू नये म्हणून झारीनं लाकडावर पाणी शिंपडायचं आणि मग भिंतीलगतच्या बारला हात लावून उभं राहायचं. पहिलं प्लिए, गुडघे वाकवणं. रोज पहिलं प्लिए. ज्यांनी कीर्ती मिळवली त्याही पुन्हा पहिल्या प्लिएवरच. नुसतं करून दाखवलं की सुटका नव्हती. का केलं, कुठून केलं, तेही विद्यार्थिनीला सांगता यायला हवं होतं.

तिच्या हाताखालून 1925 साली मारिना सेम्योनोवा बाहेर पडली. 1928 साली गालिना उलानोवा. 1931 साली नतालिया दुदिन्स्काया. तिघी तीन तऱ्हांच्या. एकीच्या नाचात तेज, एकीच्या नाचात नुसता श्वास, एक गिरक्यांची धनीण. एकाच बाईनं घडवल्या आणि एकीलाही आपल्यासारखं केलं नाही. हे मला जमेल का रे देवा? माझ्या वर्गातल्या पोरी माझ्यासारखी मान वेळावतात आणि मी सुखावते. त्यांची त्यांची मान त्यांना मिळू दे. मला मधून बाजूला कर.

1934 साली तिनं सगळं पुस्तकात लिहून ठेवलं, ‘शास्त्रीय नृत्याची मूलतत्त्वं’. भाषांतरातून ते माझ्यापर्यंत पोहोचलं. मी कथक शिकवते. प्वाँतवर, पायाच्या बोटांच्या टोकावर, मी कधी उभी राहिले नाही, या जन्मी राहणारही नाही. तरी त्या कोरड्या वाक्यांवर माझं बोट थांबतं. त्यात कुठं अलंकार नाही. पाय इथे, हात तिथे, वजन या पायावर. इतकं कोरडं लिहायला केवढी माया लागत असेल.

तू तिला मोठी खुर्चीही दिलीस. 1931 पासून मारिन्स्कीच्याच बॅलेचा कारभार तिच्याकडे होता, आणि 1937 साली तो गेला. वर्ग मात्र तू तिच्याकडून काढून घेतला नाहीस. युद्ध आलं, तिच्या शहराला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा पडला, शाळा दूर पेर्मला हलली, पुन्हा परतली. 1951 साली इरिना कोल्पाकोवा तिच्या वर्गातून शिकून निघाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तू तिला बोलावून घेतलंस. शाळेला तिचं नाव लागलं 1957 साली. ते ऐकायला ती नव्हती. असो. तुझा हिशोब तुझ्यापाशी.

आता माझं ऐक.

मी लहान आहे. तिच्या नखाची सर मला नाही, आणि हे मी विनयानं म्हणत नाही. मला कुठल्या मारिन्स्कीनं नाकारलं नाही, कारण मी कुठल्या दारापर्यंत पोहोचलेच नाही. चार मैफली झाल्या, बऱ्या झाल्या, मग गुडघा बोलू लागला आणि मी शिकवायला लागले. शिकवणं मी निवडलं असं लोकांना सांगते. तुला काय सांगू? एखादी पोर माझ्यासमोर चक्कर घेते, समेवर अशी येते की तबलजीचाही हात क्षणभर हसतो, आणि माझ्या तोंडून शाबास निघायच्या आत काळजात काहीतरी खुपतं. मग शाबास निघते. मनापासून निघते. पण ते खुपणं आधी येतं. रोज येतं. ते काढ, असं मी किती वेळा म्हटलं. आता म्हणत नाही. राहू दे हवं तर, फक्त शाबास अडू देऊ नकोस.

जे मला मिळालं नाही, ते मला नीट पाहू दे. त्याच्याकडे पाठ फिरवू देऊ नकोस.

मला धीर दे. तत्कार बिघडली की माझा आवाज चढतो. तो खाली आण. मला ‘का’ सांगायला शिकव. ‘मी सांगते म्हणून’ हे उत्तर माझ्या तोंडातून काढून घे.

मंगळवारच्या वर्गात एक मुलगी आहे. पाय सुरेख, लय पक्की, हात मात्र खांद्यातच अडकलेले. तिच्या आईला वाटतं, तिच्यात ते नाहीच. मलाही दोन महिने तसंच वाटत होतं. देवा, ते अडकणं कुठून सुरू होतं ते मला दाखव. पाठीतून की मानेतून की शाळेच्या दप्तरातून, मला सापडू दे. तेवढी नजर दे. नाव तिचं होऊ दे, माझं नाही झालं तरी चालेल. पूर्ण चालेल असं नाही, पण चालेल.

आणि गुडघ्याचं म्हणशील तर, तो बरा कर असा हट्ट नाही. पण तिला हात शिकवताना मला तिच्यासोबत उभं राहावं लागेल, खुर्चीतून ते दाखवता येत नाही. तेव्हा मंगळवारी पाच ते सहा एवढं सांभाळून घे.