नंतर येणाऱ्यासाठी

हिरवी वायर अर्थिंगची, काळी न्यूट्रलची आणि लाल, पिवळी, निळी या तीन फेजच्या. हे आपल्याकडच्या वायरमनला कामाला लागल्या लागल्या शिकवलं जातं. तरीही चार खोल्यांत चार एसी बसवताना लाल वायरचं भेंडोळं भर दुपारी संपतं, दुकान लांब असतं, आणि उरलेल्या हिरव्या वायरमधून फेज नेला जातो. एसी सुरू होतो, खोली गार होते, पैसे चुकते होतात. दोन-तीन वर्षांनी गॅस भरायला दुसराच कुणी तरुण येतो, बाहेरच्या युनिटचं झाकण काढतो आणि हिरवी वायर म्हणून निर्धास्तपणे तिला हात लावतो. ज्यानं ती वायर टाकली त्याची आणि याची कधी गाठही पडलेली नसते. त्या रंगाखेरीज दोघांमध्ये दुसरा निरोप नव्हता, आणि तोच खोटा निघाला.

जो अजून आलेलाच नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहायचं म्हणजे काय? गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याशी, सोयऱ्यांशी सचोटीनं वागावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यामागून त्याच भिंतीपाशी येणाऱ्या अनोळखी कामगाराचंही आपण काही देणं लागतो, हे मात्र आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

एका बाह्य युनिटवर तीन-चार खोल्यांची यंत्रं चालवणारी मल्टी-स्प्लिट पद्धत आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणि दवाखान्यांमध्ये दिसू लागली आहे. तिच्यात बहुधा वीज आधी बाहेरच्या युनिटला मिळते आणि तिथून खोल्याखोल्यांत जाते. म्हणजे बेडरूममधला एसी रिमोटनं बंद केला, तरी त्याच्या आतल्या टर्मिनलवर 230 व्होल्ट असतातच. साध्या स्प्लिटमध्ये पुष्कळदा उलट असतं: वीज आधी खोलीतल्या यंत्राला, मग बाहेर. एकाच भिंतीवर दोन्ही प्रकारची यंत्रं टांगलेली असली आणि घरातल्या मुख्य वीजपेटीतल्या, म्हणजे डीबीमधल्या, एमसीबीवर कुणी नावंच लिहिलेली नसली, तर काम करणाऱ्यानं काय समजावं? तो एक एमसीबी पाडतो, आतला पंखा थांबलेला पाहतो आणि सातव्या मजल्याच्या छज्ज्यावर उतरतो. त्याच्या हाताखालचं युनिट भलत्याच एमसीबीवर असू शकतं.

म्हणूनच प्रत्येक बाह्य युनिटजवळ, हाताच्या अंतरावर, वीज तोडायचा वेगळा स्विच, म्हणजे आयसोलेटर हवा. घरातलं कुणी चुकून स्विच वर करील ही भीती मग छज्ज्यावरच्या माणसाला राहत नाही, कारण वीज त्यानं स्वतः तोडलेली असते. कारखान्यात तर स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवण्याची रीत आहे. घरी निदान डीबीला ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवता येते. आणि वीज तोडल्यावरही थांबावं लागतं. इन्व्हर्टर एसीच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या पुढे व्होल्ट काही मिनिटं साठून राहतात. ती काही मिनिटं थांबलेल्या माणसाला ‘नुसता बसलाय’ म्हणून घाई करणारे मालक मी पाहिले आहेत. त्याला बसू द्या. ते थांबणं त्याच्या कामाचाच भाग आहे.

आता वायरच्या जाडीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त कंजुषी तिथेच होते. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. प्रत्येकाला डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्यायचा, ही साधी शिस्त. पण प्लास्टर फोडायला नको म्हणून जुन्या सॉकेटच्या दीड एमएमच्या वायरवरून एक एसी चालवतात आणि तिथूनच लूप मारून दुसराही. वायरमधला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. जेम्स जूल यांनी हा नियम 1841 मध्येच मांडला, आणि बजेट कमी पडलं म्हणून तो कुणालाही सूट देत नाही. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. फॉल्स सीलिंगच्या आत, टेप गुंडाळलेल्या सैल जॉइंटपाशी, मेच्या दुपारी किती अंश होत असतील ते पाहायला तिथे कुणी जात नाही.

मग एमसीबी पडायला लागतो. वायरमन म्हणतो, ‘साहेब, वायर बदलावी लागेल, चार एमएमची टाकू.’ साहेब म्हणतात, ‘अहो, आत्ताच रंग काढलाय! मोठा एमसीबी टाका की.’ आणि 16 च्या जागी 32 चा एमसीबी बसतो. एमसीबी मुख्यतः भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो, एसीच्या नव्हे. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणं म्हणजे धोका तसाच ठेवून इशारा देणाऱ्याला गप्प करणं. या एका निर्णयात वायरमनची चूक आहेच, पण माझ्या मते मोठी चूक मालकाची. रोजंदारीवरचा माणूस ‘नाही’ म्हणाला तर काम दुसऱ्याकडे जातं, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. जिथे एकाला नकार परवडत नाही, तिथे दुसऱ्यानं आग्रह धरू नये.

एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, असंही पुष्कळांना वाटतं. माणसाचा जीव घ्यायला 16 अँपिअरचा शंभरावा हिस्साही पुरतो आणि तेवढ्या प्रवाहानं एमसीबी जागचा हलत नाही. माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी लागतो आणि खरंखुरं, मोजून पाहिलेलं अर्थिंग लागतं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून कुणी गेल्याची बातमी येते. बहुतेकदा ओला पत्रा, उघडी वायर आणि नावापुरतं अर्थिंग. त्याच घरांमध्ये आता कूलरच्या जागी एसी येत आहेत. यंत्र बदललं, पण भिंतीतलं अर्थिंग तेच राहिलं, तर धोकाही तोच राहतो.

तीन फेजचा पुरवठा असलेल्या इमारतीत तर हा प्रश्न एका घरापुरता उरत नाही. तिन्ही फेजना मिळून एकच न्यूट्रल असतो. तळमजल्यावरच्या मीटर पॅनेलमध्ये तो सैल होऊन तुटला, तर ज्या फेजवर भार कमी आहे तिथल्या घरात 230 चे तीनशेहून अधिक व्होल्ट होऊ शकतात. वरच्या मजल्यावरच्यानं मनाला येईल त्या फेजवर चार एसी चढवले आणि सामाईक पॅनेलच्या दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या सभेत दरवर्षी पुढे ढकलला गेला, तर जळतो तो खालच्या मजल्यावरच्या आजींचा फ्रिज, किंवा त्याहून मोठं काही.

23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. करोनाची लाट ऐन भरात होती. आगीची सुरुवात तिथल्या एसी यंत्रणेतून झाल्याचं प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. किमान 13 रुग्ण दगावले. दोष नेमका कशात होता हे तपासणाऱ्यांचं काम आहे, त्यावर इथे बसून निकाल देणं बरोबर नाही. पण उठून दाराशीही जाऊ न शकणारी माणसं ज्या छताखाली झोपलेली असतात, तिथली प्रत्येक वायर कुणीतरी टाकलेली असते आणि कुणीतरी तपासलेली असते, किंवा तपासलेली नसते, एवढं तरी प्रत्येकानं त्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं होतं.

कायदा आपल्या बाजूनं बरंच सांगतो. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावं, मंजूर भारापेक्षा जास्त वीज लागणार असेल तर वाढीव भारासाठी अर्ज करावा, टेस्ट रिपोर्ट द्यावा. पण जागेवर न जाता, वायरचं इन्सुलेशन तपासणारा मेगर न लावता केलेली सही त्या कागदाला रद्दी करते. ती सही विकणारा आणि विकत घेणारा दोघेही सुशिक्षित असतात.

येत्या उन्हाळ्यात एसी बसवून घेणार असाल, तर घासाघीस यंत्राच्या दरात करा, वायरच्या नको. प्रत्येक एसीला स्वतंत्र वायर आहे का, ते स्वतः उभं राहून पाहा. आरसीसीबी आणि आयसोलेटर बिलातून वगळायला सांगू नका. काम संपलं की डीबीचं झाकण उघडा आणि प्रत्येक एमसीबीखाली मराठीत, ठळक अक्षरांत लिहून घ्या: हॉल, आईची खोली, मुलांची खोली. आणि वायरमनदादा संध्याकाळी म्हणाले की लाल वायर संपली, उरलेलं काम उद्या करतो, तर ती एक रात्र पंख्यावर काढा.