मूर्ती वितळली, नाणे झाले

चीनचे जुने कांस्य नाणे साच्यात ओतलेले असते. बाहेरून गोल, मधोमध चौकोनी भोक. गोल म्हणजे आकाश आणि चौकोन म्हणजे पृथ्वी, असा अर्थ त्याला जोडला गेला. छिन राजवटीचे बानलियांग, हान सम्राट वूचे इ.स.पू. ११८ मधले वूझू, थांग राजवटीचे ६२१ मधले काइयुआन थोंगबाओ. राजवटी बदलल्या, घाट तोच राहिला. संग्राहकाला अक्षरांवरून आणि पाठीवरच्या खुणांवरून काळ कळतो. काही नाणी मात्र त्याच्यापुढे धर्माचा प्रश्न ठेवतात.

८४५ मध्ये थांग सम्राट वूझोंगने बौद्ध मठ बंद करून तिथल्या मूर्ती आणि घंटा वितळवल्या. त्यातून पाडलेल्या काइयुआन नाण्यांच्या पाठीवर टांकसाळीचे अक्षर आहे. ९५५ मध्ये उत्तरकालीन झोऊ राजवटीच्या शिझोंगने तेच केले. त्याच्या नाण्यावर वर झोऊ, खाली युआन, उजवीकडे थोंग, डावीकडे बाओ अशी चार अक्षरे आहेत.

शिझोंगने यासाठी दिलेले कारण इतिहासग्रंथांत नोंदले आहे. ज्याचे मन चांगल्याकडे लागले तो बुद्धाचीच सेवा करतो. तांब्याची मूर्ती म्हणजे बुद्ध नव्हे. आणि जिवांच्या हितासाठी बुद्ध आपले डोकेही देऊन टाकायला तयार होता. सोने आणि दागिना हा दृष्टान्त ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा युक्तिवाद चटकन पटेल. रूप गेले तरी तत्त्व जात नाही, हे बौद्ध शिकवणीतही बसते.

तरीही हा युक्तिवाद अपुरा आहे. बुद्धाने दिले ते स्वतःचे शरीर. सम्राटाने घेतली ती भक्तांनी घडवलेली मूर्ती, आणि तीही त्यांना न विचारता. दान ज्याचे त्यानेच द्यायचे असते. तिजोरीसाठी हुकूम काढून घेतलेल्या वस्तूला दान म्हणता येत नाही.

लोकांनी वेगळाच निवाडा केला. मूर्तीचा धातू नाण्यात उतरला म्हणून शिझोंगचे ते नाणेच पवित्र ठरले. बाळंतिणीच्या हातात ते दिले तर प्रसूती सुखरूप होते, अशी श्रद्धा रुजली. त्याच्या नकला ताईत म्हणून ओतल्या गेल्या. म्हणून विकत घेणाऱ्याने चलनातले नाणे आणि ताईत यांत फरक करायला शिकावे.

शिझोंग ९५९ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची राजवट संपली. ९७१ मध्ये तिच्या जागी आलेल्या सोंग राजवटीच्या सम्राटाने झेंगदिंगच्या लोंगशिंग मठात करुणामूर्ती गुआनयिनची सुमारे २१ मीटर उंच कांस्य मूर्ती उभारायला घेतली. ती अजून उभी आहे.