पाणी दाराशी, बंदूक उशाशी

अटलांटिक महासागरात वादळानं आकार घेतला की मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर त्याच्या पुढच्या पाच दिवसांच्या वाटचालीचा नकाशा जाहीर करतं. नकाशावरच्या रुंदावत जाणाऱ्या पट्ट्यात आपलं गाव आलं, की फ्लोरिडातल्या घराघरांत धांदल उडते. पेट्रोल पंपावर रांगा लागतात. खिडक्यांवर ठोकायचं प्लायवूड, पाण्याचे कॅन, टॉर्चचे सेल, डबाबंद खाणं, जमलं तर जनरेटर, अशी यादी ठरलेली असते. कित्येक घरांत त्या यादीत आणखी एक वस्तू येते: पिस्तूल, किंवा पिस्तूल आधीपासून असेल तर काडतुसांचा जादा डबा.

वादळापुढे पिस्तुलाचं काही चालत नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते असतं वादळानंतर येणाऱ्या माणसासाठी. हा माणूस अजून आलेला नाही. त्याचं नाव, चेहरा, गरज यातलं काहीच माहीत नाही. तो येईलच असंही नाही. पण आला तर त्याच्याशी कसं वागायचं, याचा निम्मा निर्णय दुकानाच्या काउंटरवरच होऊन गेलेला असतो. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. अवघड प्रश्न आहे तो या न आलेल्या माणसाचा.

थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. राज्यात कायदा आहे, शिपाई आहेत, तरी माणूस प्रवासाला निघताना हत्यार बाळगतो, रात्री दाराला कडी घालतो, घरातल्या घरात पेटीला कुलूप लावतो. मग शेजाऱ्यांबद्दल, नोकरांबद्दल, पोटच्या मुलांबद्दल त्याचं खरं मत काय, असं हॉब्ज विचारतो. यात माणसाला दोष देण्याचा त्याचा हेतू नव्हता. यादवीत होरपळलेलं इंग्लंड त्याच्या डोळ्यांसमोर होतं. सत्तेचा धाक उठला की प्रत्येक जण दुसऱ्याला शत्रू समजू लागतो, हा त्याचा सिद्धांत. मोठं चक्रीवादळ हा धाक काही दिवसांपुरता उठवतं. वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं आडवी, पोलीस पोचू शकत नाहीत. अशा वेळेसाठी बंदूक घेणारा हॉब्जचं पान न उघडताही त्याच्या बाजूनं कौल देत असतो.

आणि त्याची बाजू कच्ची नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ लुईझियानाच्या किनाऱ्यावर आलं, बांध फुटले आणि न्यू ऑर्लीन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पोलीस दलातले दोनशेहून अधिक जण कामावरून नाहीसे झाले. दुकानं फुटली, हे खरं आहे. अशा शहरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईनं उशाशी रिव्हॉल्व्हर ठेवलं, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्या माणसाला नाही. त्यातच पोलिसांनी लोकांच्या कायदेशीर बंदुकाही काढून घ्यायला सुरुवात केली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं आणीबाणीत अशी जप्ती करायला कायद्यानं मनाई केली.

याच लुईझियानाचा आणखी एक इतिहास आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९६४ मध्ये जोन्सबरो या गावात कृष्णवर्णीयांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ ही सशस्त्र संघटना उभी केली. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीपासून वस्तीचं आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांचं रक्षण करायला दुसरं कोणीच नव्हतं. पोलिसांकडून संरक्षणाची आशा नव्हती. त्यांना ‘हत्यार खाली ठेवा’ असं नीतीच्या नावानं सांगणं म्हणजे ‘मुकाट्यानं मरा’ असं सांगणं ठरलं असतं. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी: आपल्यावर कोण चालून येणार आहे, हे डीकन्सना पक्कं ठाऊक होतं.

धर्मपरंपरांचा सगळा जोर नेमका इथे आहे. स्वसंरक्षणाला त्यांनी सहसा मोकळीक दिली आणि मोकळीक देताना अट घातली. बायबलच्या निर्गम पुस्तकात, २२व्या अध्यायात, नियम आहे: घर फोडणारा रात्री मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही, सूर्य उगवल्यानंतर मारला तर आहे. ज्यू पंडितांनी तालमुदात यावर बराच खल केला. हा सूर्य म्हणजे केवळ आकाशातला नव्हे, येणाऱ्याचा हेतू आपल्याला किती स्पष्ट दिसतो तेही त्यात आलं, असा अर्थ त्यांनी लावला. मुलाच्या घरात शिरलेला बाप चोर असला तरी पोराचा जीव घेणार नाही, म्हणून त्याला मारण्याची मुभा मुलाला नाही, इतक्या बारकाव्यात ते गेले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं सांगितलं की जीव वाचवताना हल्लेखोर मेला तर ते पाप नाही, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर आहे.

अमेरिकेतले शस्त्रसमर्थक ख्रिस्ती लूकच्या शुभवर्तमानाचा दाखला हमखास देतात. तिथे येशू शिष्यांना सांगतो की ज्याच्याजवळ तलवार नाही त्यानं अंगरखा विकून घ्यावी. पण त्याच रात्री बागेत शिष्यानं तलवार चालवली, तेव्हा येशूनं त्याला थांबवलं, हाही त्याच कथेचा भाग आहे. आपल्याकडेही असंच. आततायी, म्हणजे जीव घ्यायला आलेला, अंगावर आला तर तो गुरू असो, म्हातारा असो, विचार न करता मारावा, असं मनुस्मृती म्हणते. आणि गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो, हे आततायी असले तरी यांना मारून आम्हाला पापच लागेल. परंपरेनं दोन्ही आवाज जपून ठेवले, कारण आततायी कोण हे ठरवणं किती कठीण आहे ते तिला माहीत होतं.

फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची घटना या संदर्भात बारकाईनं पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळानं तिथली हजारो घरं मोडली. एक ७७ वर्षांचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी आपल्या मोडक्या घरासमोरच ट्रेलर लावून राहत होते. घरावर नजर राहावी हाच उद्देश. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका मध्यरात्रीनंतर एक अनोळखी माणूस अंगणात आला. गृहस्थ रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आले. त्यांनी त्याला जायला सांगितलं, इशाऱ्याची एक गोळी झाडली. तो पळाला नाही, उलट ट्रेलरमध्ये शिरला. झटापट झाली, आणखी गोळ्या सुटल्या आणि तो मेला.

मेलेला माणूस ३५ वर्षांचा होता, उत्तर कॅरोलिनाचा. आयव्हननंतरच्या मदतकार्यात ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती यंत्रणेसाठी तात्पुरत्या कामावर तो पेन्साकोलाला आला होता. त्याच्याजवळ हत्यार नव्हतं. तो त्या रात्री तिथे का आला, ते सांगायला तो उरला नाही.

सरकारी वकिलांनी चौकशी करून त्या वृद्धावर खटला भरला नाही, आणि ते योग्यच झालं. काळोखात, पत्नी आत असताना, अनोळखी माणूस आत घुसल्यावर त्यांनी जे केलं, त्याला तालमुदचे पंडितही दोष देते ना. पण पुढे जे झालं ते जास्त विचार करायला लावतं. फ्लोरिडाच्या विधिमंडळात ही कहाणी ‘स्टँड युअर ग्राउंड’ विधेयकाच्या समर्थनात सांगितली गेली. तिथे म्हातारा हा निकालाची वाट पाहत महिनोन्‌महिने ताटकळलेला सज्जन ठरला आणि मदतीला आलेला माणूस झाला वादळाचा फायदा घेणारा लुटारू. एप्रिल २००५ मध्ये कायद्यावर सही झाली. माघार घेणं शक्य असलं तरी घ्यायची गरज नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. एका माणसाबद्दलच्या चुकीच्या समजावर इतकं मोठं घर बांधलं गेलं.

हा कायदा १ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. त्याच्या महिनाभर आधी न्यू ऑर्लीन्समध्ये चुकीच्या समजानं काय होतं ते दिसलं होतं. सुपरडोम स्टेडियममध्ये हजारो लोकांनी आसरा घेतला होता. तिथे खून पडताहेत, लहान मुलांवर अत्याचार होताहेत, असं खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुख टीव्हीवर सांगत होते. २०० प्रेतं मिळतील या अंदाजानं शीतवाहन आणलं गेलं. मिळाली सहा. चार जण नैसर्गिक कारणानं गेले होते, एक अमली पदार्थांनी, एकानं आत्महत्या केली होती. पण तोवर अफवेनं आपलं काम केलं होतं. पुलावरून चालत गावाबाहेर पडू पाहणाऱ्या पूरग्रस्तांना शेजारच्या ग्रेट्‌नाच्या पोलिसांनी हवेत गोळ्या झाडून परत पाठवलं. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. दोन ठार, चार जखमी. मेलेल्यांपैकी एक मतिमंद होता, दुसरा १७ वर्षांचा मुलगा. पुरातून कोरड्या राहिलेल्या अल्जियर्स पॉइंट या वस्तीत गोऱ्या रहिवाशांनी नाकेबंदी करून कृष्णवर्णीय वाटसरूंवर बंदुका चालवल्या. हे करणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपण स्वतःचा बचाव करतो आहोत, असंच समजत असावेत. लेफ्टनंट जनरल रसेल ऑनोरे शहरात आले, तेव्हा बंदुका रोखून चाललेल्या शिपायांना त्यांनी भर रस्त्यात ओरडून त्या खाली करायला लावल्या. त्या आठवड्यात शहराला सर्वांत जास्त सुरक्षित कोणी केलं असेल, तर या एका हुकमानं.

लुटारू म्हणायचं कोणाला, हाही प्रश्न आहेच. त्याच दिवसांत दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रं गाजली. दोन्हींत छातीभर पाण्यातून दुकानातलं खाणं घेऊन जाणारी माणसं. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली त्यानं ते लुटलं असं लिहिलं होतं, गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली त्यांना ते सापडलं असं. अक्वायनसच्या मते तर प्राणांतिक गरजेत दुसऱ्याची वस्तू घेणं ही चोरीच नव्हे.

महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या भागात, याहून धीट कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेनं कासावीस झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचं मांस चोरायला शिरतो. चांडाळ जागा होतो. कोण आहे म्हणून दरडावतो, जीव घेण्याची धमकी देतो. पण तो विचारतो, आणि उत्तराची वाट पाहतो, म्हणून त्याला कळतं की काळोखात उभा असलेला चोर एक ऋषी आहे. मग दोघांत लांबलचक वाद होतो: जगणं आधी की आचार आधी. झोपडीच्या मालकाच्या हाती त्या क्षणी भरलेलं पिस्तूल असतं, तर महाभारताला हा अध्याय मिळाला नसता.

दरम्यान माणसं मरत असतात ती पाण्यानं. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत चक्रीवादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्याचे आहेत, एकूण बळींतले जवळपास निम्मे समुद्राच्या उधाणाचे. कतरिनात लुईझियानात गेलेल्यांपैकी जवळपास अर्धे ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे होते. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहरात एका वृद्धाश्रमाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि उकाड्यानं बारा म्हातारी माणसं गेली. रुग्णालय हाकेच्या अंतरावर होतं. २०२० च्या लॉरा वादळात लुईझियानात वाऱ्यापाण्यापेक्षा जनरेटरच्या धुरानं जास्त जीव घेतले. इर्माच्या वेळी कोणीतरी ‘चला, वादळावर गोळ्या झाडू’ अशी गंमत म्हणून हाक दिली. तिला इतका प्रतिसाद मिळाला, की पास्को काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयाला तसं करू नका म्हणून जाहीर बजावावं लागलं. भीती खरी असते. ती कुठे रोखायची, हे कळत नाही.

भीतीची दिशा चुकली की मदतही थांबते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानं उत्तर कॅरोलिनाचा डोंगराळ भाग उद्ध्वस्त केला. फेमा लोकांच्या जमिनी बळकावते आहे अशा अफवा पसरल्या. मग मदतपथकांवर सशस्त्र टोळ्या चालून येत असल्याची खबर आली आणि काही भागांत पथकांना काम थांबवून मागे बोलवावं लागलं. अटक झाली ती एका बंदूकधारी माणसाला. टोळी नव्हतीच. घराघरांत जाऊन चौकशी करणारी माणसं तेवढे दिवस आली नाहीत.

फ्लोरिडात दुकानातून बंदूक घ्यायची तर साधारणपणे सुट्ट्या सोडून तीन दिवस थांबावं लागतं. या तीन दिवसांवर पुष्कळांचा राग आहे, आणि एरवी त्याची चर्चा जरूर व्हावी. वादळ दाराशी असताना मात्र ते तीन दिवस मोलाचे आहेत. ज्यानं कधी बंदूक हाताळली नाही, त्यानं घाबरलेल्या मनानं, अंधाऱ्या घरात, झोपमोड झालेल्या रात्री ती पहिल्यांदा उचलावी, याला कोणत्याही परंपरेतलं स्वसंरक्षण म्हणता येणार नाही. ज्याला शस्त्र बाळगायचं आहे त्यानं ते निरभ्र दिवसांत घ्यावं, शिकावं, कुलपात ठेवावं.

ह्यूस्टन, टॅम्पा, ऑर्लँडो इथे आता कित्येक मराठी घरांची मुलं, सुना, नातवंडं राहतात. यंदाच्या मोसमात नकाशावरचा पट्टा त्यांच्या गावावरून गेला, तर फोनवर त्यांना काही गोष्टी जरूर विचाराव्यात. तुमचं घर कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये येतं? जनरेटर घराबाहेर, दाराखिडक्यांपासून लांब ठेवला आहे ना? शेजारी कोणी म्हातारं, एकटं राहतं का, आणि गाडीत त्यांच्यासाठी जागा आहे का? घरात बंदूक असलीच तर किल्ली कोणाकडे आहे? आणि निघायचा हुकूम आला की सामानाची वाट न पाहता निघायला सांगा.