अठराव्या वाढदिवसानंतर

बालगृहात आला त्या रात्री त्यानं उशी बाजूला सारली आणि चपला डोक्याखाली घेतल्या. रेल्वे फलाटावरची मुलं तशीच झोपतात; चपला उशाला नसतील तर सकाळी मिळत नाहीत. मी त्या बालगृहात रविवारी गणित शिकवायला जातो. त्याच्या चपला उशाखालून दाराबाहेरच्या फळीवर यायला सात महिने लागले. कुणी ओरडलं नाही, कुणी हिसकावल्या नाहीत. काळजी घेणाऱ्या मावशी रोज रात्री पांघरूण तेवढं सारखं करून जायच्या. सुरक्षित घर कशाला म्हणतात, ते मी त्या सात महिन्यांत शिकलो.

कायदा वाईट नाही. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही फोनसेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार एकटं सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. जन्मदाखला नाही म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही आणि वयाला साजेशा वर्गात बसवावं लागतं. ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची देणगी. म्हणून तो थेट चौथीत बसला. गाडीत पाण्याच्या बाटल्या विकल्यामुळे पंधराचा पाढा त्याला तोंडपाठ होता, पण पंधरा हा आकडा लिहिता येत नव्हता. पहिल्यांदा लिहिला तेव्हा पाटी पुसू देईना.

त्याचं वय अंदाजे नऊ धरलं गेलं आणि जन्मतारीख पडली १ जून. आपल्या आजोबांच्या पिढीत गुरुजींनी कितीतरी मुलांना हीच तारीख देऊन टाकली होती. त्यांचं तिच्यामुळे फारसं अडलं नाही; फार तर निवृत्ती चार महिने अलीकडे-पलीकडे झाली. या मुलाचं अडणार आहे. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. म्हणजे आपण अंदाजानं लिहिलेली तारीख हीच त्याच्या घराची शेवटची तारीख.

आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा आठवून पाहा. बँकेचा अर्ज भरताना तो आईला हाका मारतो. ताप आला की बाबांना फोन करतो. त्या वयात आपण त्याला ‘आता तुझं तू बघ’ म्हणून पिशवी हातात देतो का?

गोव्यातल्या एका संस्थेत वाढलेली मुलगी अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आली. पहिली रात्र तिनं रेल्वे स्टेशनात काढली. मिळेल ते काम करत शिकली आणि राज्याच्या स्पर्धा परीक्षेला बसली. गुण पुरेसे होते, पण नॉन-क्रिमिलेयरचा दाखला नव्हता. जिला आईवडीलच नाहीत, तिनं उत्पन्न कुणाचं दाखवायचं? ती गप्प बसली नाही, थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवलं. निर्णयाचं मोल मोठंच आहे. पण माझं मन त्या स्टेशनावरच्या रात्रीपाशी अडकतं. फलाटावरून उचललेलं मूल नऊ-दहा वर्षांनी पुन्हा फलाटावरच जाणार असेल, तर मधल्या वर्षांत आपण त्याला घर दिलं की नुसता मुक्काम?

अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेच्या नियमांत त्यासाठी महिना ४००० रुपये आहेत. पुण्यात एवढ्यात कॉट आणि मेस दोन्ही भागत नाही. शिवाय खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, “पालकांचा नंबर द्या.” माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही मदत वयाला न बांधता शिक्षणाला बांधावी. पदवी किंवा आयटीआय पुरं होईपर्यंत ती सुटू नये.

तोवर आपल्या हातात काही आहे. तुमची खोली भाड्यानं द्यायची असेल, दुकानात मुलगा ठेवायचा असेल, तर जवळच्या बालगृहात एकदा जाऊन या. पालकांच्या नंबराच्या जागी तुमचा नंबर लिहू द्या.

तो यंदा बारावीला आहे. येत्या १ जूनला त्याला अठरा पूर्ण होतील.